पेटीच्या झाकणावरचं नाव

विश्वंभर गुरुजींना दिवेआगरात कधी कुणी खोटारडा म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. निदान एकदा, भर रस्त्यात, चार माणसांदेखत कुणी म्हटलं असतं, तर बिचाऱ्यांचा तीन वर्षांचा जाच वाचला असता. पण ‘गाठ’ नावाचा शब्दांचा खेळ काढणारे गुरुजी म्हणून गावानं त्यांना डोक्यावर घेतलं होतं, आणि डोक्यावर घेतलेल्या माणसाला खाली उतरवायचं कोणी?

घर वाडीवालं. समुद्राकडेला नारळ, आत पोफळी, पोफळींवर चढवलेल्या पानवेली. वडील लवकर गेले. धाकटा भाऊ मार्तंड पुण्याला मामाकडे राहून शिकला आणि तिथंच कॉलेजात प्राध्यापक झाला. थोरल्या विश्वंभरनं वाडी शिंपली, आईला सांभाळलं, आणि सत्तेचाळीसच्या जूनमध्ये गावच्या शाळेत मास्तरकी धरली. पंधरा ऑगस्टला झेंड्यासाठी त्यांनीच वाडीतली सरळसोट पोफळ तोडून दिली. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते आणि आपल्या हातून काहीतरी मोठं होणार आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. प्रत्येक मास्तराची पहिल्या वर्षी असते. दहा वर्षांत त्यांनी मुलांसाठी दोन पुस्तकं लिहिली आणि दोन्ही पुण्याहून साभार परत आली. मार्तंडाचं नाव मात्र सुट्टीला तो यायच्या आधी मासिकांतून घरी येऊन पडलेलं असे. गुरुजी ते मासिक सगळ्या गावाला दाखवत, आणि मग उशिरापर्यंत विहिरीवर रहाट ओढत बसत. आपलंही नाव एकदा छापून यावं, एवढीच त्यांची भूक होती. भूक वाईट नसते, पण भुकेला माणूस कुणाच्या ताटातलं खाईल त्याचा नेम नसतो.

चोपन्न साली सरकारनं प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायची मोहीम काढली. किनाऱ्याच्या टोकाला खडकांच्या पलीकडे कोळीवाडा होता, तिथला वर्ग गुरुजींच्या गळ्यात पडला. आषाढ लागला की होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देईपर्यंत पाण्यात घालायच्या नाहीत, ही तिथली रीत. त्या दीड-दोन महिन्यांत माणसं घरी सापडत. दुपारी जाळी विणता-सांधता त्यांना शिकवायचं, असं ठरलं. गुरुजी छत्री घेऊन जात. दुसऱ्या हातात स्वतःच्या घरच्या पाण्याचा तांब्या असे. कोळीवाड्यात ते पाणी पीत नसत. कोळ्यांनीही कधी पुढं केलं नाही. तांब्या बघून ते काय समजायचं ते समजले होते.

वर्ग गुणाजीच्या पडवीत भरे. गुणाजी दोन होड्यांचा धनी, अंगानं दांडगा आणि अक्षरापुढे मांजर. त्याची बायको भागुबाई. गुरुजींपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन श्रीवर्धनपर्यंत पायी जाऊन यायची, बोलायला लागली की बाजार गप्प बसायचा. पहिल्याच दिवशी तिनं गुरुजींना सांगून टाकलं, “गुरुजी, मना वाचाया शिकवा. मोटारीवरच्या पाटीचं नाव मी दुसऱ्याला इचारतंय, आनि लोक हसतान. मना लाज वाटते.”

पाटी-पेन्सिल त्या राठ बोटांत टिकेना. तेव्हा गुरुजींना एक युक्ती सुचली, आणि तेवढी मात्र खरोखर त्यांचीच. जाळ्याची वरची कड पाण्यावर तरंगत राहावी म्हणून तिला लाकडाचे छोटे गोल तुकडे बांधतात, त्यांना बोये म्हणायचे. जुन्या जाळ्यांचे ढीगभर बोये पडवीच्या कोपऱ्यात होते. गुरुजींनी एकेका बोयावर डांबरानं एकेक अक्षर काढलं. काना, मात्रा, वेलांटी खडूनं वरून द्यायची, नको झाली की पुसायची. टोपलीतून न बघता सात बोये उचलायचे आणि आपापल्या पुढ्यात शब्द लावायचा. ज्या हातांना पेन्सिल जड जात होती, त्या हातांना बोये चांगलेच ओळखीचे निघाले. महिन्याभरात अर्धा वर्ग शब्द जुळवू लागला. भागुबाई तर सगळ्यांच्या पुढे.

छप्पन्नच्या श्रावणातली दुपार. बाहेर पाऊस कोसळत होता आणि भागुबाई मांडीवर जाळं घेऊन त्याचं भोक सांधत होती. गुरुजींनी जमिनीवर ‘वारा’ लावला. शेजारी गुणाजीनं कसाबसा ‘नळ’ लावला. भागुबाई बघत राहिली, आणि तिचं तोंड वाकडं झालं.

“ह्ये काय ह्ये, गुरुजी? तुमचा वारा तिकडं, यांचा नळ हिकडं. सुट्या सुट्या दोऱ्यांनी म्हावरा गावतं व्हय?”

“मग काय करायचं?”

तिनं आपला एक बोया उचलला, त्यावर खडूनं ‘दो’ केलं आणि गुरुजींच्या ‘रा’च्या बरोब्बर डोक्यावर ठेवला. आडवं वाचलं तर वारा, उभं वाचलं तर दोरा. “आता गाठ पडली. आता जालं व्हईल,” ती म्हणाली. “पुढल्यानं याच्यातच गाठ मारायची. सुटा शबुद ठेवला तं तो धरायचा न्हाय. आनि ज्याच्या गाठी जास्ती, त्यो जितला.”

पडवीत एकदम गलका झाला. जो तो बोये घेऊन सरसावला. गाठी मोजायला चिंचोके आले. चार वाजता वर्ग सुटायचा, त्या दिवशी दिवेलागणीला बायका चुलीकडे पळाल्या तेव्हा सुटला. जमिनीवर शब्दांचं खरंच जाळं पसरलं होतं, आणि दोन वर्षं जो खेळ म्हणजे नुसता अभ्यास होता, तो त्या एका दुपारी खेळ झाला. गुरुजींना हे कळलं. तेव्हाच कळलं, अगदी स्वच्छ कळलं. पुढं ‘मला नीटसं आठवत नाही’ अशी सबब त्यांनी स्वतःशी पुष्कळदा केली, म्हणून हे इथं सांगून ठेवलेलं बरं.

“याला नाव काय द्यायचं?” त्यांनी निघताना विचारलं.

“गाठ,” भागुबाई म्हणाली. जाळ्यावरून तिनं मानही वर केली नाही.

त्याच नारळी पौर्णिमेला गुणाजीनं नवी होडी पाण्यात घातली. गुरुजींना आग्रहाचं बोलावणं होतं. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, हळदीनं उमटलेली पाच बोटं त्यांनी पाहिली आणि विचारलं, ही कुणाची? भागुबाईनं सांगितलं की होडीला ज्या बाईनं नाव दिलं तिची बोटं नाळेवर उठवायची, अशी त्यांच्यात पद्धत आहे. या होडीचं नाव म्हाताऱ्या मनुबाईनं दिलं, म्हणून बोटं मनुबाईची. होडी कुणाची का असेना, नाव देणारीची बोटं चुकवायची नाहीत. चुकवली तर होडी लाजते, पाण्यात नीट चालत नाही.

“मंग खेलाला नाव मी दिलंय, गुरुजी,” ती हसत म्हणाली. “माजी बोटं कुठं उठवताव?”

गुरुजीही हसले. हवा सुंदर होती, हातात प्रसादाचं खोबरं होतं. “हा खेळ छापून निघाला ना भागुबाई, तर पेटीच्या झाकणावर तुझं नाव घालीन. बोटांपेक्षा पक्कं. पुसायचं नाही.”

“बगा हां,” ती म्हणाली. तिच्या मनात त्यानंतर या बाबतीत कसलीही शंका राहिली नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात गुरुजी बोटीनं मुंबईला गेले. गिरगावात दत्तात्रेय नावाचे एक गृहस्थ लाकडी खेळणी करत. गुरुजींनी त्यांच्या टेबलावर बोये मांडून दाखवले. दत्तात्रेयांनी एक डाव खेळून पाहिला, मग कामगारांना बोलावून दुसरा, आणि तिसऱ्या डावाला त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. काळ्या रंगाच्या चौकोनी सोंगट्या, खडूचा तुकडा आणि पुसायला फडकं, अशी पेटी करायची ठरली. “नाव झकास आहे हो,” ते म्हणाले. “कुणी सुचवलं? या खेळाची हकीकत अर्धं पान लिहून पाठवा. झाकणाच्या आतल्या बाजूला छापू. लोकांना असल्या गोष्टी आवडतात.”

आता इथं कुणी गुरुजींच्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. दत्तात्रेयांना कोळीण चालली असती, भटीण चालली असती, कुणीही चाललं असतं. गुरुजींनी घरी येऊन ओटीवर बसून पहिल्यांदा खरंच लिहिलं होतं, ‘हे नाव दिलं भागुबाईंनी’. मग त्यांच्या डोळ्यांपुढे मार्तंड आला. पुण्यात कुणाच्या तरी दिवाणखान्यात पेटी उघडून तो वाचतोय, आणि त्याचे प्राध्यापक मित्र म्हणतायत, म्हणजे तुमच्या भावाला खेळ एका मासळीवालीनं शिकवला म्हणा की! गुरुजींनी कागद फाडला. नवा घेतला. आणि खाली मान घालून एका दमात असं लिहिलं:

‘माझी आई संध्याकाळी देवासाठी गजरा करीत असे. फुलाला फूल गाठीने बांधलेले पाहून शब्दाला शब्द बांधावा असे माझ्या मनात आले. या खेळाला गाठ हे नाव दिले आनंदीबाईंनी, माझ्या आईने.’

निदान नाव बाईचंच ठेवलं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मन तेवढ्यावर समजलं नाही, पण कागद पोस्टात पडला.

अठ्ठावन्नच्या दिवाळीत पेटी आली. आनंदीबाईंनी चष्मा लावून झाकण वाचलं, पुन्हा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

“विशू, हे मी कधी म्हणाले?”

“आई, ते आपलं… लिहायला बरं म्हणून.”

“अरे, मला गजरा करता येत नाही, सगळं गाव जाणतं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई डोकं धरून बसल्या होत्या. देवाला मी उभ्या जन्मात सुटी फुलं वाहिली.” त्यांनी झाकण मिटलं. “खरं कुणी म्हटलं होतं?”

गुरुजींनी सांगितलं. आनंदीबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक बाई होत्या. त्यांना कोळणीचा पुळका येण्याचं काही कारण नव्हतं. पण त्यांनी पेटी उचलून लेकाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “दुसरीचं पुण्य माझ्या पदरात घालू नकोस. मला पचायचं नाही. ही पेटी या घरात ठेवू नको.” गुरुजींनी ती शाळेच्या कपाटात नेऊन ठेवली. आईच्या तोंडाकडे सरळ बघायला त्यांना बरेच दिवस लागले.

खेळ मात्र सुटला सुसाट. दादर, ठाणे, पुणे, सुट्टीतल्या दुपारी घराघरांत ‘गाठ’. पत्रं येऊ लागली. कुणी विचारी, आपल्या मातोश्री अजून गजरे करतात का? प्रत्येक पत्र म्हणजे कानाखाली वाजवल्यासारखं. गुरुजी उत्तर लिहीत: होय, प्रकृतिमानाप्रमाणे. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. शाळेत ते मुलांना फळ्यावर सुविचार लिहून देत, त्यात ‘सत्य’ हा शब्द आला की खडू मोडायचा.

कोळीवाड्यात पेटी गेली नव्हती. घ्यायला कुणाला फुरसत होती? त्यांच्याकडे बोये होतेच. भागुबाई अधूनमधून विचारी, “गुरुजी, पेटी निघाली म्हनतान. मना दाखवा की.” गुरुजी म्हणत, “आणतो हां, एकच आहे, शाळेत आहे.” असं करत हिवाळा निघाला.

एकोणसाठच्या माघात अलिबागेहून मोहिमेचे साहेब आले. शाळेच्या अंगणात मांडव घातला, आणि साक्षर झालेल्यांना दाखले द्यायचे ठरले. मार्तंड चार दिवसांसाठी आला होता, तो पहिल्या रांगेत. साहेबांच्या बाजूच्या खुर्चीवर गुरुजी. कोळीवाडा झाडून आलेला. वर्गात पहिली आलेली म्हणून भागुबाईला आधी बोलावलं. हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली घालून ती वर आली. साहेबांनी दाखला दिला, आणि मग मोठ्या कौतुकानं म्हणाले, “आणि बक्षीस म्हणून यांना काय द्यावं? तुमच्याच गुरुजींचा खेळ!” हेडमास्तरांनी कपाटातली पेटी कधी काढून टेबलावर ठेवली होती, ते गुरुजींना कळलंच नव्हतं.

“वाचून दाखवा बाई, झाकणावर काय लिहिलंय ते. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू दे,” साहेब म्हणाले.

भागुबाईनं पेटी उघडली. बोट ठेवून वाचायला लागली. सावकाश, पण एकही अक्षर न चुकता. आई, संध्याकाळ, गजरा. गजऱ्यापाशी ती जराशी घुटमळली, जाळं असायला हवं होतं असं तिला वाटलं असावं. पण पुढं गेली. “या… खेळाला… गाठ… हे… नाव… दिले…” इथं ती थांबली, आणि मांडवात बसलेल्या गुणाजीकडे बघून हसली. आता काय येणार ते तिला ठाऊक होतं. लुगड्याचा पदर सारखा करून तिनं पुढच्या अक्षरावर बोट ठेवलं.

हसू मावळलं. बोट मागं गेलं, ‘दिले’वर आलं, पुन्हा पुढं गेलं.

“काय झालं बाई?”

“चुकतंय, साहेब.”

“कुठं?”

“हितं ‘भा’ पायजे. मना ‘आ’ दिसतंय.” तिनं डोळे पुसले, पेटी उजेडाकडे धरली, पुन्हा पाहिलं. मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांना तर काही उलगडेना. ते गुरुजींकडे वळले. “काय गुरुजी, बरोबर वाचतायत ना या?”

भागुबाईनंही त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशयाचा लवलेश असता तरी गुरुजी तरले असते. नव्हता. आपल्या डोळ्यांपेक्षा तिचा त्यांच्यावर जास्त भरवसा होता. ‘बरोबर वाचलंस’ म्हटलं की ती लगेच विचारणार, मग माजं नाव कुठाय? साहेबांपुढे, गावापुढे, पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसलेल्या मार्तंडापुढे.

“थोडं… थोडं चुकतंय,” विश्वंभर गुरुजी म्हणाले. “सराव कमी पडला.”

धरणी दुभंगत नाही. पुराणातच दुभंगते. साहेबांनी “असू दे, असू दे” म्हटलं, पण भागुबाईनं दाखला घडी न घालता टेबलावर परत ठेवला. पेटीही ठेवली. “मंग ह्ये आज नको, साहेब. खोटं कशाला न्यायचं? पुरतं वाचता आलं का नेईन.” साहेबांनी तिच्या प्रामाणिकपणावर पाच मिनिटं भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनीही वाजवल्या, न वाजवून सांगतात कुणाला.

त्यानंतरचे तीन पावसाळे गुरुजींनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. भागुबाई नेमानं वर्गाला येत होती. नव्या बायकांबरोबर पहिल्या पुस्तकापासून तिनं पुन्हा सुरुवात केली. आणि जे पूर्वी धडाधड वाचायची, ते तिला वाचता येईना. डोळ्यांवरचा विश्वासच उडाला होता. प्रत्येक अक्षराशी थांबायची. “गुरुजी, ह्यो ‘क’ हाय ना? मना ‘क’ दिसतंय, पर तुमी सांगा.” ‘आ’ आला की बोट उचलून घ्यायची, चटका बसल्यासारखं. बोयांचा खेळ मांडला तर ती कडेला बसून जाळं सांधत राही. “मना नको. माज्यापायी समद्यांच्या गाठी चुकतील.” गुणाजी चिडवायचा, साहेबानी दिलेला कागद परत देनारी येडी म्हणायचा. ती उलट बोलायची नाही. जिच्यापुढे बाजार गप्प बसत होता, ती बाई एका अक्षरापुढे गप्प बसली होती. गुरुजी हे रोज दोन तास समोर बसून बघत. जेवण जाईना. आज सांगू, उद्या सांगू म्हणत छत्री उचलून घरी येत. रस्त्यात खडकावर बसून स्वतःला शिव्या घालत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला ‘क’ हा ‘क’च आहे म्हणून सांगत. एकसष्ट साली आनंदीबाई गेल्या. दत्तात्रेयांचं दुखवट्याचं पत्र आलं, ‘गाठ’ला नाव देणाऱ्या माउलीस आदरांजली. गुरुजींनी ते चुलीत घातलं. आईनं शेवटपर्यंत त्या खेळाचं नाव काढलं नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त टोचत होतं.

बासष्टच्या आषाढात वर्ग सुरू झाला तेव्हा भागुबाई आली नाही. वर्ग आता सदूच्या पडवीत भरत होता. सदू म्हणजे गुणाजीचा चुलतभाऊ. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. विचारलं तर सदू म्हणाला, “वहिनी बोलली, गुरुजींना किती तरास द्यायचा? देवानी डोस्क्यात ठेवलंच न्हाय त्याला गुरुजी काय करतील?”

त्या दिवशी गुरुजींनी वर्ग घेतला नाही. भिजत शाळेत गेले, कपाट उघडलं, पेटी आणि तिच्याखाली तीन वर्षं पडलेला दाखला काढून सदऱ्यात धरला आणि पुन्हा सगळा किनारा तुडवत कोळीवाड्यात आले. तांब्या आणि छत्री कुठं राहिली, त्यांना पत्ता नव्हता. भागुबाई पडवीत एकटीच बसली होती, दोन्ही पायांच्या अंगठ्यांत जाळं ताणून.

“गुरुजी? भिजलाव की हो! काय झालं?”

गुरुजी तिच्यासमोर जमिनीवरच बसले. रस्ताभर घोकलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना.

“भागुबाई, तुम्हाला वाचता येतं,” ते म्हणाले.

तिच्या हातातली सुई थांबली. आजवर गुरुजी तिला ‘तू’ म्हणत आले होते.

“त्या दिवशी मांडवात तुम्ही बरोबर वाचलंत. तिथं ‘आ’च आहे. तुमचं नाव नाही तिथं. मी घातलं नाही. मला लाज वाटली तुमचं नाव घालायची. आईचं घातलं, तेही खोटंच. आणि साहेबांना चुकतंय म्हणून सांगितलं, तेही खोटं.” त्यांना रडू फुटलं. चाळिशीला टेकलेला माणूस, शेंबूड पुसत रडत होता, आणि बघायला दुसरं कुणी नव्हतं याचंसुद्धा त्यांना त्या वेळी बरं वाटलं, इतकी ती लाज हाडीमासी खिळलेली.

भागुबाईनं सुई जाळ्यात खोचून ठेवली. छपरावर पाऊस वाजत होता.

“त्यो ‘आ’ व्हता?” तिनं विचारलं.

“‘आ’ होता.”

“मी बराबर वाचलेला?”

“अगदी बरोबर.”

“तीन सालं, गुरुजी,” ती हळू म्हणाली. “तीन सालं मी माज्या डोल्यांना शिव्या दिल्या.”

गुरुजींनी मान वर केली नाही. आता शिव्या येतील, येऊ देत, या बाईच्या शिव्या श्रीवर्धनपर्यंत ऐकू जातात तशा येऊ देत, म्हणून ते वाट बघत राहिले. खरं सांगायचं तर त्यांना त्या हव्या होत्या. म्हणून घाईघाईनं पुढं बोलले, “मी मुंबईला लिहितो. आजच लिहितो. नवीन पेट्यांवर तुमचं नाव…”

“लिवा. लिवायलाच पायजे तुमी,” ती म्हणाली. “पर ती पेटी हिकडं द्या आदी.”

तिनं अंगठ्यांतलं जाळं सोडलं, उठली आणि पडवीच्या कडेला जाऊन हाक मारली. तो मात्र तिचा जुना आवाज होता. “अवं, भाईर या! सदू, केसर, समदी या! मना वाचता येतं! गुरुजी बोलले, मना वाचता येतं!” तिचे डोळे पाण्यानं भरले होते आणि तोंडभर हसू होतं. माणसं पावसातून धावत आली. गुणाजी आतून झोपमोड होऊन आला. पडवी भरली. गुरुजींना उठून जायचं होतं, पण दारापर्यंत वाट उरली नव्हती. ते भिंतीला टेकून बसून राहिले.

भागुबाईनं पेटी उघडून मांडीवर घेतली. बोटसुद्धा ठेवलं नाही. आई, संध्याकाळ, गजरा, फुलाला फूल, शब्दाला शब्द. भरतीचं पाणी यावं तशी ती वाचत गेली. “या खेळाला गाठ हे नाव दिले आनंदीबाईंनी, माझ्या आईने.” ‘आ’वर तिनं खास जोर दिला. कुठं थांबली नाही, कुठं अडखळली नाही. लोक माना डोलवत होते. गुणाजीचं तोंड उघडंच राहिलं होतं.

वाचून झाल्यावर तिनं झाकणावरून नजर उचलली आणि सगळ्यांच्या देखत, पूर्वी वर्गात विचारायची तसंच विचारलं, “बराबर हाय ना, गुरुजी?”

पडवीतली सगळी तोंडं त्यांच्याकडे वळली.

“बरोबर,” विश्वंभर गुरुजी म्हणाले.